गार तारेचा पॉवर सप्लाय

तुम्ही जो कोणी असाल, ही तुमचीच करणी आहे. शाळेतले मास्तर असाल, कौतुकाने भरून आलेले मामा असाल, नाहीतर नुसतेच रस्त्याने जाणारे. पण तुम्ही कधीतरी या माणसाच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "तुला विजेतलं फार कळतं हं!" म्हणालात आणि निघून गेलात. तुमच्या त्या एका वाक्यावर पुढे पदवी उभी राहिली, पदवीवर नोकरी, नोकरीवर खुर्ची आणि खुर्चीवर तो. मागे राहिलेल्या माणसांचं काय झालं, हे बघायला तुम्ही एकदाही फिरकला नाहीत.

तो विद्युत सुरक्षा खात्यात निरीक्षक होता. इमारतीत सगळे त्याला कलमसाहेब म्हणत. जिन्यातला दिवा गेला, की तो कोणत्या कलमाचा भंग झाल्यामुळे गेला हे तो उभ्या उभ्या सांगे. दिवा मग दुसरंच कुणीतरी बदले. वीस वर्षांत त्याने शेकडो वायरिंगं मंजूर केली होती, त्याहून जास्त नामंजूर केली होती आणि स्वतः आजवर दोन वायरी एकमेकींना जोडल्या नव्हत्या. (जोडायच्याच असत्या, तर खात्याने पेन कशाला दिलं असतं?)

त्याची बायको मॉडेलं करायची. आर्किटेक्ट कागदावर जी इमारत काढतात, ती थर्माकोलात, पुठ्ठ्यात, हातभर उंचीची करून दाखवायची. दहा वर्षं ती हे काम घरच्या मागच्या खोलीत करत होती आणि दहा वर्षं त्या मॉडेलांखालच्या पट्टीवर एका कंपनीचं नाव लागत होतं. या खेपेला पहिल्यांदा काम थेट तिच्याकडे आलं होतं. टेकडीवरचं वाचनालय. सोमवारी सकाळी दहा वाजता ते समितीपुढे ठेवायचं होतं, आणि खालच्या पट्टीवर तिचं नाव असणार होतं.

टेकडी नऊ थरांची होती. सहा थर कापून झाले आणि शनिवारी संध्याकाळी काळी डबी गेली.

काळी डबी म्हणजे पॉवर सप्लाय. बायकोच्या टेबलाच्या मधोमध एक बारीक तार ताणून उभी केलेली होती. डबीतून तारेला वीज मिळे, तार तापे, आणि थर्माकोल तिच्यावर अलगद सरकवला की हवा तसा कापला जाई. आता डबीतून फक्त वास येत होता.

"वायरमनदादांना फोन करते," बायको म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे म्हणतील."

इथे तो गप्प बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो.

"वायरमन कशाला?" तो म्हणाला. "मी आहे ना."

दारात उभ्या असलेल्या आईने चष्मा वर केला. आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिच्या हातांनी आयुष्यात जितके प्लग लावले होते, तितके मुलाने पाहिलेही नव्हते.

"तू कुठे आहेस?" आईने विचारलं.

"म्हणजे मी करतो पॉवर सप्लाय. नवीन. घरच्या घरी. पदवी कशाला घेतली मग?"

"तेच तुझे बाबा विचारायचे," आई म्हणाली.

"अहो, सोमवारी दहाला आहे," बायको म्हणाली. "सोमवारी. दहाला."

"अगं, एक ट्रान्सफॉर्मर आणि दोन वायरी. यात आहे काय?"

हे मात्र त्याचं खरं होतं. यात तेवढंच होतं. दुर्दैव हे, की त्याचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. रविवारी सकाळी तो बाजारातून परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत ट्रान्सफॉर्मर एकच होता, पण सोबत तीन फ्यूज, जास्त वीज आली की आपोआप पडणारा एक एमसीबी, एक लाल दिवा, एक हिरवा दिवा आणि मशरूमएवढं लाल आणीबाणीचं बटण होतं. रस्त्यात काही घडलं तर ट्रान्सफॉर्मरला एकटं वाटू नये, अशी ती वरात होती.

आधी त्याने एक टिपणी लिहिली. विषय, संदर्भ, प्रस्ताव. प्रस्ताव स्वतःकडेच सादर केला, स्वतःच त्यावर एक शंका काढली ("तार अतितप्त झाल्यास जबाबदारी कोणाची?") आणि शंकेच्या निरसनासाठी परत बाजारात जाऊन एक रेझिस्टर आणला.

हा रेझिस्टर म्हणजे बोटभर लांबीची पांढरी वीट. विजेच्या वाटेत बसायचं, येणाऱ्याला अडवायचं, पुढे जाऊ द्यायचं ते थोडंथोडंच, आणि या सगळ्यात स्वतःच तापायचं, एवढंच त्याचं काम. का कोण जाणे, निरीक्षकाला हा भाग कॉलेजपासूनच जवळचा वाटायचा. किती मोठा रेझिस्टर लागेल याचं गणित त्याने केलं. उत्तर आलं, काहीच लागणार नाही. मग खात्याच्या पद्धतीप्रमाणे त्यात सुरक्षिततेसाठी भर घातली, आलेल्या उत्तराची तिप्पट केली आणि वर थोडं राखीव धरलं.

बायको साडेअकराला पट्टी आणायला बाहेर पडली. छपाईवाल्याचं दुकान रविवारी दुपारपर्यंतच उघडं असे.

"मी येईपर्यंत तार तापली, तर चांगलंच," चपला घालता घालता ती म्हणाली. "नाही तापली, तर मी फोन करणार. आणि माझ्या खोलीतल्या कशाला हात लावू नका."

"कशालाच नाही," तो म्हणाला. (हे त्याने मनापासून म्हटलं होतं. सगळी मोठी नुकसानं मनापासूनच होतात.)

भाग जोडून झाले. आता राहिलं आवरण. नियम त्याला तोंडपाठ होता: 'उपकरणाचे आवरण विद्युतरोधक पदार्थाचे असावे.' तो स्वयंपाकघरात गेला.

"आई, तो निळा डबा देतेस?"

"नाही."

"मग पांढरा?"

"त्यात साखर आहे."

"साखर दुसरीकडे ठेव ना."

"तू दुसरीकडे जा."

तेव्हा त्याला मागच्या खोलीतल्या भिंतीला टेकून उभा असलेला थर्माकोलचा एक जाडजूड, वेडावाकडा तुकडा दिसला. थर्माकोल म्हणजे विद्युतरोधक. वेडावाकडा म्हणजे टाकाऊ. इतकी वर्षं त्याने सरळ रेषेत नसलेली प्रत्येक गोष्ट याच न्यायाने निकालात काढली होती. त्याने भाजीच्या सुरीने त्या तुकड्यात एक सुबक खळगा कोरला, ट्रान्सफॉर्मर, एमसीबी, फ्यूज, रेझिस्टर सगळं त्यात नीट बसवलं, वरून दुसरा तुकडा झाकण म्हणून चिकटवला, झाकणात दोन दिवे आणि मधोमध लाल बटण. बाजूला कागद डकवला: 'धोका. अधिकृत व्यक्तीशिवाय हात लावू नये.' मग दोन पावलं मागे सरून त्याने पाहिलं. असा देखणा संच आख्ख्या खात्यात नसेल.

"आई! बघायला ये!"

आई हात पुसत आली. त्याने प्लग लावला. लाल दिवा लागला. हिरवा दिवा लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"तार तापली का?"

"आई, दोन्ही दिवे लागलेत."

"ते दिसतंय मला. तार तापली का?"

त्याने घाबरत घाबरत तारेजवळ बोट नेलं. मग तारेला लावलं. मग ती दोन बोटांत धरली. तार मांजराच्या पोटाइतकी कोमट होती.

"उत्तम," तो म्हणाला. "म्हणजे भाजण्याचा धोका नाही."

"अरे, पण ती भाजण्यासाठीच आहे ना?"

"तो पुढचा टप्पा. आधी संच सुरक्षित आहे का नाही, ते ठरवावं लागतं."

हे तो अगदी प्रामाणिकपणे बोलत होता. त्याच्या अनुभवात सगळ्यात निर्दोष वायरिंग तेच, ज्यातून अजून वीज गेलेली नाही. त्याने मंजूर केलेली एक आख्खी शाळा चार वर्षं विजेविना होती आणि त्या शाळेबद्दल एकही तक्रार आली नव्हती. (तक्रार करायला अंधारात अर्ज दिसायला हवा ना.)

तो वही काढून 'तपासणी: समाधानकारक' असं लिहायला बसला. आई तिथेच उभी राहिली आणि नाक वर करून हवा हुंगू लागली.

"वास येतोय."

"नव्या वस्तूला येतोच."

"नव्याचा नाही हा. जळक्याचा आहे."

"आई, एमसीबी पडलेला नाही. फ्यूज गेलेला नाही. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काहीही जळत नाहीये."

"मग तुझा तो हिरवा दिवा कुठे चाललाय?"

त्याने वळून पाहिलं. हिरवा दिवा खाली चालला होता. शांतपणे, लागलेल्याच अवस्थेत, तो झाकणात बुडत होता. आत तारेच्या वाटेवर बसलेल्या रेझिस्टरने आलेली सगळी वीज स्वतःच रिचवली होती आणि तो निखाऱ्यासारखा तापला होता. तारेने जे करायचं, ते तो करत होता. थर्माकोल कापत होता. आतून, चहूबाजूंनी आणि अतिशय सफाईने.

"आणीबाणी!" निरीक्षक ओरडला आणि त्याने लाल बटण दाबलं. बटण दाबलं गेलं, पण बंद काहीच झालं नाही. खालचं झाकणच मऊ पडलं होतं, त्यामुळे बटण त्याच्या बोटासकट आत गेलं. धुराची एक रेघ वर आली. त्याने नियमावलीसाठी हात लांब केला.

आईने भिंतीवरचा प्लग उपटला.

"तीस वर्षं हेच केलं," ती म्हणाली, आणि खिडक्या उघडायला गेली.

धूर विरला तेव्हा टेबलावर एक काळपट, खंगलेला खड्डा होता. त्याच्या तळाशी तीन फ्यूज आणि एमसीबी अगदी शाबूत बसले होते. सुरक्षेच्या एकाही साधनाला काही म्हणून झालं नव्हतं. फक्त ज्याची सुरक्षा करायची, ते तेवढं जळलं होतं. (असं खात्यात इतक्या वेळा झालं होतं, की त्याला खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं.)

दारात चावी फिरली. बायको आत आली ती हातातली पट्टी छातीशी धरून. आधी तिने नाक आक्रसलं. मग खड्ड्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, जिथे आता काहीच टेकून उभं नव्हतं.

"इथला पायथा कुठे आहे?" तिने अगदी हळू विचारलं.

"कसला पायथा?"

"टेकडीचा. सगळ्यात खालचा थर. ज्यावर बाकीचे आठ बसतात तो."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. आईने मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

"तो... वेडावाकडा होता," तो म्हणाला.

"टेकडी होती ती, अहो! टेकड्या वेड्यावाकड्याच असतात!"

तिने पट्टी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत तिचं नाव, नुकतंच छापलेलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. घरातल्या आरडाओरड्यासाठी त्याच्याकडे ठरलेली उत्तरं होती. पण तिने नावावरून एकदा बोट फिरवलं आणि फोन उचलला.

"दादा, मोकळे आहात? हो, आत्ताच. नाही हो, डबी आधीच गेली होती. आता टेकडी गेलीय."

वायरमन पंधरा मिनिटांत आला. पन्नाशीचा, कमरेला पक्कड, खांद्यावर पिशवी. आल्या आल्या तो खड्ड्यावर अदबीने वाकला. थोरामोठ्यांच्या घरी आजारी माणसाला भेटायला गेल्यावर वाकतात, तसा.

"कुणी केलंय?" त्याने विचारलं.

"मी," निरीक्षक म्हणाला.

"छान आहे. मजबूत आहे." त्याने पक्कड काढली. "यातलं काय काय ठेवू, साहेब?"

"सगळंच आवश्यक आहे."

"बरं," वायरमन म्हणाला आणि एकेक वस्तू काढून बाजूला मांडू लागला. एमसीबी. दोन फ्यूज. हिरवा दिवा. "हा एक फ्यूज राहू दे. त्याला एकट्याला काम करू दे. तीन असले की तिघंही एकमेकांकडे बघत बसतात." मग त्याने ती पांढरी वीट चिमट्यात धरून वर उचलली. "आणि हे महाशय. यांनीच सगळं खाल्लंय. तारेपर्यंत काही पोचूच दिलं नाही."

निरीक्षकाने उगाचच नजर चुकवली.

वायरमनने पिशवीतून पंख्याचा रेग्युलेटर काढून ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे जोडला आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवायला घेतलं. निरीक्षक ताडकन उभा राहिला.

"पत्रा? पत्र्यातून वीज वाहते! आवरण विद्युतरोधक पदार्थाचे असावे!"

"किंवा," वायरमन स्क्रू पिळत म्हणाला, "'किंवा अर्थिंग केलेल्या धातूचे असावे.' पुढच्या पानावर आहे, साहेब. आणि तो पदार्थ तापल्याने वितळू नये, असंही आहे. त्याच्याच खाली."

निरीक्षकाने नियमावली उघडली आणि पान उलटलं. वीस वर्षांत ते पान पहिल्यांदाच उलटलं जात होतं. आधीच्या पानाला चिकटून बसलेलं ते कुरकुरत सुटलं.

"तुम्हाला कसं माहीत?" त्याने विचारलं.

"पाठ करावं लागलं. तुमच्याच खात्यात लायसनचा अर्ज आहे ना माझा. तीन वर्षं झाली." वायरमनने अर्थिंगची वायर डब्याला कसली. "दर महिन्याला येतो. खिडकीतून तुमचं डोकं दिसतं. आज पहिल्यांदा चेहरा बघितला."

"अर्जात काहीतरी त्रुटी असणार."

"होती ना. पहिल्यांदा लिहून आलं, वायरिंगचा अनुभव असल्याचा पुरावा जोडावा. जोडला. चाळीस घरांची पत्रं आणली. मग लिहून आलं, अर्जदाराने लायसन नसताना चाळीस घरांची कामं केल्याचं निदर्शनास येतं, खुलासा करावा."

आई खिडकीपाशी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. बायको मात्र हसली नाही.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

निरीक्षक टेबलावरचा काळवंडलेला रेझिस्टर सरळ करून ठेवू लागला.

वायरमनने प्लग लावला आणि रेग्युलेटर हळूहळू फिरवला. तार आधी थरथरली, मग तिने अंग सैल सोडलं. टोकाच्या स्प्रिंगने तिला परत ताणून धरलं. बायकोने थर्माकोलचा नवा ठोकळा पुढे सरकवला आणि तार त्यातून अशी गेली, जशी आई मुलाच्या कुठल्याही सबबीतून जायची. कुठेही न अडता, आवाज न करता. बायकोने श्वास सोडला. तिने तो सकाळपासून धरून ठेवला असावा.

"दहा मिनिटांचं काम होतं," वायरमन म्हणाला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा लागली. काढायचंच जास्त होतं."

आईने चहा ठेवला. बायको कापत होती. नवा पायथा झाला, सातवा थर झाला, आठवा झाला. नववा थर कापून होत आला, तेव्हा तिने मान वर न करताच विचारलं, "अहो, शनिवारी तुम्ही ती फायलींची बॅग घरी आणता ना?"

"हो."

"आणि सोमवारी न उघडता परत नेता."

"फायली सोबत असलेल्या बऱ्या."

"दादांची आहे का त्यात?"

होती. ती गेली तीन वर्षं त्याच बॅगेत होती. दर आठवड्याला ती हवापालटाला घरी येई आणि ताजीतवानी होऊन परत कचेरीत जाई.

"असं घरी बसून सही करणं नियमात..." त्याने सुरुवात केली.

बायकोने तार बंद केली. पट्टी उचलली आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "हे नाव इथे यायला मला दहा वर्षं लागली. ते तुम्ही एका दुपारी जवळजवळ पुसलं होतंत. यांचं नाव कुणामुळे अडलंय, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

"पान उलट," आई चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाली. "आज सवय लागलीय तोवर."

त्याने फाईल उघडली. शंकांच्या, खुलाशांच्या आणि खुलाशांवरच्या शंकांच्या गठ्ठ्याखाली लायसनचा छापील कागद होता, कोरा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्याने पेन काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तो असं काही मंजूर करत होता, जे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी चालताना पाहिलं होतं. सही केली. बॅगेच्या तळाशी शिक्का सापडला, तोही उठवला. मग उठून, दोन्ही हातांनी, त्याने तो कागद वायरमनला दिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला फार मोठं वाटलं. आपण माणसाला न्याय दिला, असं काहीतरी. (तीन वर्षं अडवलेला नळ सोडणाराही स्वतःला पाऊस समजतो.)

मागे टेकडी उभी राहिली होती. नऊच्या नऊ थर. बायको पट्टीला गोंद लावत होती.

वायरमनने चष्मा चढवला आणि छापील मजकूर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता त्याच्या कपाळावर एक आठी आली. 'सदर अर्जदाराने खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व मार्गदर्शनानुसार काम करून दाखवले असून...' त्याने खड्ड्याकडे एकदा पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि अतिशय संकोचाने तो कागद परत पुढे केला.

"साहेब, उपकार झाले. फक्त ही 'मार्गदर्शनानुसार'ची ओळ तेवढी खोडता येईल का? मी हे फ्रेम करून दुकानात लावणार आहे, आणि गिऱ्हाईक वाचतं हो."